मॉडिफाय केलेली गाडी आणि पासिंगचे बदललेले नियम: सीमाभागातल्या मालकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजहून येणारे तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फी आणि दंडाचे आकडे बदलत राहतात. पैसे भरण्याआधी परिवहन पोर्टलवर त्या दिवशीचा आकडा पाहून घ्या.

१. माझी स्वतःच्या वापराची व्हाईट बोर्ड (पांढऱ्या नंबर प्लेटची खाजगी) कार आहे. दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, करावं लागतं का?

नाही. खाजगी गाडीची आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) नोंदणीपासून १५ वर्षं चालते. त्यानंतर तपासणी करून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. येलो बोर्डचं (पिवळ्या प्लेटच्या भाड्याच्या गाडीचं) गणित वेगळं आहे: नवीन गाडीला पहिली २ वर्षं, पुढे गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस.

पण "१५ वर्षं कुणी बघत नाही" असा अर्थ काढू नका. दुसऱ्या राज्यातून गाडी आणून इथला नंबर घेताना, सीएनजी चढवताना, रंग बदलून नोंद करताना, व्हाईट बोर्डची येलो बोर्ड करताना आणि अपघातानंतर इन्स्पेक्टर गाडी पाहतो. रस्त्यावरची तपासणी तर कधीही होऊ शकते. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं यांपैकी एखाद्या वळणावर अडकलेली असतात, आणि तोवर गाडीवर झालेला खर्च लाखाच्या घरात गेलेला असतो.

२. सगळे म्हणतात आता लई कडक झालंय. नेमकं बदललं काय?

बऱ्याच गोष्टी एकामागून एक बदलल्या, त्यामुळे लोकांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ झाली आहे.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की, कंपनीने ठरवून दिलेली गाडीची मूळ वैशिष्ट्यं मालकाला बदलता येणार नाहीत. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यातला "प्रत्येक बदलामागे" हा भाग लोक वाचत नाहीत. सायलेन्सर, लाईट आणि बुल बार (बंपरापुढचा लोखंडी पाईप) अशा तीन गोष्टी असतील तर हिशेब तीनदा होऊ शकतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आले. व्यावसायिक गाड्यांचा फिटनेस माणसाच्या नजरेवरून काढून यंत्रावर नेण्याचं काम तेव्हापासून चालू आहे. सक्तीच्या तारखा अनेकदा पुढे गेल्या, दिशा मात्र तीच राहिली (प्रश्न १९ पाहा).

एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची नूतनीकरण फी वाढली: कारला ५,००० आणि दुचाकीला १,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढून कारला १०,००० आणि दुचाकीला २,००० झाली. मुदत उलटल्यावर कारला दरमहा ५०० रुपये उशिराचे वेगळे, हरित कर वेगळा. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, तो आधीच करा.

आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे सगळं रेकॉर्ड आता 'वाहन' प्रणालीत आहे. रस्त्यावरचा हवालदार मोबाईलवर नंबर टाकून गाडीचा रंग आणि इंधन बघू शकतो.

३. कायद्याच्या भाषेत मॉडिफिकेशन म्हणजे काय? सीट कव्हर बदललं तरी गुन्हा का?

सीट कव्हरला कुणी काही म्हणत नाही. कलम ५२ सांगतं की, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा आरसीतले तपशील वेगळे पडतील असा बदल मालकाने करायचा नाही. गाडीच्या रचनेतला, तिचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा फेरफार तो हा.

घरच्या घरी एक काम करा. आरसी हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. आरसीवर गाडीचा प्रकार, बॉडी टाईप, आसनक्षमता, रंग, इंधन, इंजिनची घनक्षमता, रिकामं वजन, व्हीलबेस, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो. एकेक ओळ वाचा आणि समोरच्या गाडीशी ताडून पाहा. "सीटिंग ५" लिहिलंय आणि मागे दोन आडवी बाकडी टाकली आहेत? "हार्ड टॉप" होती आणि आता कापडी छत आहे? जिथे कागद आणि गाडी जुळत नाही तिथेच पुढे अडचण येणार. घरात वडीलधाऱ्यांच्या नावावर गाडी असेल आणि त्यांना इंग्रजी-कन्नड कागद वाचता येत नसेल, तर मुलांनी शेजारी बसून हे वाचून दाखवावं. दंड आणि नोटीस त्यांच्या नावावर येते.

४. मग परवानगीशिवाय काय काय करता येतं?

म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सर, सीट कव्हर, फ्लोअर मॅट, डोअर व्हायझर, मडफ्लॅप, त्याच मॉडेलसाठी कंपनीने विकलेल्या ॲक्सेसरीज, आणि त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेले अलॉय व टायर. सीट कव्हर घेताना एवढं पाहा की, सीटमध्ये साईड एअरबॅग असेल तर तिथली शिवण उघडी राहणारंच कव्हर हवं. खडेबाजारात स्वस्तात मिळालेलं जाड कव्हर ती एअरबॅग अडवू शकतं. स्टिअरिंग बदलून एअरबॅग काढून टाकणं तर कुणी करूच नये.

५. मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि प्रेशर हॉर्न?

दोन्ही चालत नाहीत. कलम १९०(२) लागतं. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि ३ महिने लायसन्स अपात्र, अशी त्यात तरतूद आहे. अनेक सुरांचे हॉर्नही नियमात बसत नाहीत. याच्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, मूळ सायलेन्सर परत बसवा.

६. आंबोली, चोर्ला घाटात धुकं असतं. जास्तीचे लाईट लावले तर चूक काय?

गरज खरी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आंबोलीत दहा फुटांवरचं दिसत नाही. पण त्या धुक्यात पांढरा झगझगीत एलईडी उलट त्रास देतो. प्रकाश थेंबांवर आपटून परत डोळ्यांत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात काम करतो तो खाली बंपरात बसलेला, रुंद आणि खाली पडणारा फॉग लॅम्प. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला जोड बसवा, तो पिवळा असेल तर आणखी बरं.

छतावरचा लाईट बार, हॅलोजनच्या घरात ठोकलेला एलईडी बल्ब आणि ६०/५५ च्या जागी १००/९० वॅटचा बल्ब, या तिन्ही गोष्टी काढायच्या. हॅलोजनचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवरून घडवलेला असतो. त्यात एलईडी घातला की प्रकाशाची कडा फुटते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर चढते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या लाईटविरुद्ध राज्यभर मोहीम काढली ती यामुळेच. रात्री घराच्या भिंतीसमोर गाडी उभी करून लो बीम लावून पाहा. वरची कडा स्वच्छ रेघेसारखी दिसली पाहिजे. धुरकट पसरलेली असेल, तर यंत्रावरही ती गाडी नापास होणार.

७. बुल बार लावलाय. उसाच्या रस्त्यावर म्हशी येतात, ट्रॉल्या येतात. काढायलाच पाहिजे?

काढा. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं आहे. कंपनीने बंपरामागची पोलादी रचना चेपण्यासाठीच बनवलेली असते. ती चेपते तेव्हा धक्का आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो आणि एअरबॅगचा सेन्सर वेळेवर जागा होतो. पुढे लोखंडी पाईप जोडला की हा हिशेब बिघडतो. पायी चालणाऱ्याला तर तो पाईप थेट मांडीला किंवा पोटाला लागतो. आपल्या भागात कारखान्याच्या हंगामात रस्त्याकडेने ऊसतोड कामगारांची पोरंबाळं चालत असतात. माझं मत याबाबतीत पक्कं आहे.

८. काचांना फिल्म चालते की नाही? कोण काय, कोण काय सांगतं.

गोंधळ होण्यासारखंच आहे. नियम १०० प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कितीही टक्क्यांची काळी फिल्म काचेवर वरून चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमात बदल होऊन मानकात बसणाऱ्या प्लास्टिक थराच्या काचेला जागा मिळाली. त्यावरून सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७० आणि ५० टक्के पाळणारी फिल्म चालते असा निकाल दिला.

आपण कर्नाटकात आहोत. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर केरळचा निकाल दाखवून वाद घालण्यात दिवस जाईल. कंपनीकडून आलेली हलकी हिरवट काच ठेवा, उन्हासाठी काढता येणारी जाळी वापरा. गडद फिल्म कुठेच बसत नाही, केरळातही नाही.

९. मोठे टायर आणि मॅग व्हील घातलेत. पासिंगला अडवतील?

कंपनीने त्या मॉडेलच्या कुठल्याही व्हेरिएंटला दिलेला आकार असेल तर सहसा अडचण येत नाही. त्याबाहेर गेलात की प्रश्न सुरू होतात. टायर फेंडरच्या बाहेर आला तर चिखल आणि खडी मागच्यावर उडते. एकूण व्यास वाढला की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, ब्रेकवर ताण वाढतो. व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, हा कारागिरांचा जुना ठोकताळा आहे आणि तो योग्य आहे. नक्षीची खोली कारला किमान १.६ मिलिमीटर लागते. गाडी उंच करण्यासाठी लिफ्ट किट घातलं असेल, तर ते पासिंगआधी उतरवा. ती रचनेतली ढवळाढवळ आहे.

१०. रंग बदलायचाय किंवा रॅप (रंगीत फिल्म चिकटवणं) करायचाय. आणि आर्मी ग्रीन का चालत नाही?

रंग आरसीवर लिहिलेला असतो. पूर्ण रंग बदलायचा तर आधी आरटीओत अर्ज, मग काम, मग आरसीत नोंद. पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचा रॅप केला तरी रस्त्यावर दिसणारा रंग आणि पोर्टलवरचा रंग जुळत नाही, म्हणून त्यालाही हाच रस्ता धरा. नुसतं छत काळं केलं किंवा पट्टे मारले तर सहसा कुणी अडवत नाही.

ऑलिव्ह ग्रीनची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय नियम १२१ प्रमाणे संरक्षण दलाच्या गाड्यांशिवाय कुणालाही तो रंग देता येत नाही, शेतीच्या ट्रॅक्टरला तेवढी सूट आहे. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कॅम्प भागात लष्करी गाड्यांची ये-जा असते. आपल्या पोरांना त्या रंगाचं आकर्षण आहे आणि त्यामागे आदर आहे, हे मला ठाऊक आहे. पण लष्कराच्या गाडीसारखी दिसणारी खाजगी गाडी हा सुरक्षेचा प्रश्न आहे. इथे ती लगेच अडवली जाते.

११. सीएनजी किट बाहेरून बसवायचं आहे. कायदेशीर रस्ता कोणता?

हा बदल कायद्याने मान्य केलेला आहे, फक्त क्रम चुकवू नका. तुमच्याच मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं किट, अधिकृत फिटर, फिटरचं प्रमाणपत्र, सिलिंडरचं प्रमाणपत्र, मग आरटीओत तपासणी आणि आरसीवर इंधनाची नोंद. झाल्यावर विमा कंपनीला कळवायचं. ऑगस्ट २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही असं किट बसवता येतं. दर ३ वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट लागते, आणि हीच लोक विसरतात. तिची तारीख सिलिंडरच्या प्लेटवर कोरलेली असते. डिकी उघडून आजच बघा.

पेट्रोल काढून बॅटरी बसवण्याचंही तसंच आहे. मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट असेल तरच. गल्लीतल्या हुशार कारागिराने जुळवलेल्या बॅटऱ्यांना नोंद मिळत नाही.

१२. ओम्नीत घरगुती सिलिंडर लावून चालवतात, त्याचं काय?

तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. अशा गाडीतून शाळेची मुलं जाताना दिसली तर शाळेला आणि पोलिसांना कळवा. गप्प बसू नका.

१३. इंजिन गेलंय. दुसरं टाकलं तर?

त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन टाकता येतं. त्याचं बिल, जुन्या गाडीचे कागद आणि नवा इंजिन नंबर लागतो. बदलाची माहिती १४ दिवसांत आरटीओला द्यायची आणि आरसीवर नंबर बदलून घ्यायचा. जीपमध्ये दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन घालणं हा आपल्याकडे जुना उद्योग आहे. उद्यमबागेत ते काम सफाईने करून देणारे हातही आहेत. काम कितीही सुंदर झालं तरी आरसीवर ते चढत नाही, आणि १५ वर्षांच्या तपासणीत इंजिन नंबर जुळत नाही म्हणून गाडी तिथेच अडते.

१४. माझी गाडी कोल्हापूर पासिंगची आहे, मी राहतो बेळगावात. वर्ष झालं. मॉडिफाय पण आहे. आता?

सीमाभागातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्यामागे कारणही आहे. कर्नाटकात लाईफ टॅक्स गाडीच्या किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के आणि वर सेस, महाराष्ट्रात पेट्रोल कारला ११ ते १३ टक्के. नातेवाईक पलीकडे, पत्ता पलीकडचा, म्हणून एमएच-०९ किंवा एमएच-१० घेतली जाते.

कायदा असा. एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. पण गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. कर्नाटकाने एके काळी ३० दिवसांतच टॅक्स मागायला सुरुवात केली होती, ती तरतूद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली. शिनोळीहून रोज कामाला येणाऱ्याला किंवा गडहिंग्लजहून आठवड्याला बाजाराला येणाऱ्याला हे लागू होत नाही, कारण त्याची गाडी मुक्कामाला पलीकडेच असते. टोलच्या पावत्या, तिकडच्या घराचं वीजबिल, तिकडच्या सर्व्हिसिंगची बिलं जवळ ठेवा.

इथला नंबर घ्यायचा ठरला की मॉडिफिकेशनचा प्रश्न उभा राहतो. आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), मग इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७. शहर आणि खानापूर असेल तर केए-२२, निपाणी-चिक्कोडी असेल तर केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. इथला टॅक्स भरला की महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सच्या उरलेल्या भागासाठी तिकडे परताव्याचा अर्ज करता येतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण रक्कम सोडू नका.

आता खरी गोष्ट. एनओसीवर मूळ नोंदीप्रमाणे तपशील येतो आणि इथला इन्स्पेक्टर त्या कागदाशी गाडी ताडून पाहतो. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात. नंबराच्या जागेवर कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासायची, अंक उमटतात. जुन्या गाडीत तिथे गंज, ग्रीस किंवा अंडरबॉडी कोटिंगचा थर असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसून, वायर ब्रश हलक्या हाताने फिरवून एक प्रिंट आधीच काढून पाहा. एक अंक जरी अस्पष्ट आला किंवा त्यावर वेल्डिंग दिसलं, तर एनओसी निघून गेल्यावर ना तिकडची ना इकडची अशी गाडी होते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मॉडिफिकेशन उतरवा किंवा मूळ आरटीओतच नोंदवून घ्या, मग प्रिंट तपासा आणि त्यानंतरच एनओसीला अर्ज करा.

१५. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय. तिकडे १० वर्षांत बंद होते म्हणून. घेऊ का?

डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती आहे, आपल्याकडे ती नाही. एनओसी असेल तर इथे नोंद होऊ शकते. पण किमतीत इथला टॅक्स आणि १४ व्या उत्तरातली सगळी वाट धरा. अशा गाड्यांत बाहेरून बसवलेले लाईट, सनरूफ आणि बदललेले बंपर नेहमी असतात. छत कापून बसवलेलं सनरूफ असेल तर ती गाडी सोडा.

१६. मंडी डबवालीत तयार होणारी जीप, लष्कराच्या लिलावातली जिप्सी आणि आजोबांची जुनी विलीज जीप, तिन्हींचं सांगा.

पंजाबच्या सीमेवरच्या, हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीप दिसायला देखण्या असतात. सुटे भाग जुळवून तयार केलेल्या या गाड्यांची आरसी बऱ्याचदा दुसऱ्याच एखाद्या जुन्या जीपची असते. म्हणजे गाडी नवी, कागद परका. इथे नोंद मिळत नाही, आणि नंबर संशयास्पद निघाला तर प्रकरण चोरीच्या तपासापर्यंत जातं. पैसे पाठवण्याआधी थांबा.

लिलावातल्या गाडीचं वय आधी बघा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर वाढत नाही आणि त्या मान्यताप्राप्त भंगार केंद्रात द्याव्या लागतात. लष्कराच्या मोहिमांत वापरल्या जाणाऱ्या काही खास गाड्यांना यातून सूट आहे. पूर्वी रीतसर लिलावात घेऊन नोंद झालेली जिप्सी असेल तर तिची आरसी वैध आहे. हिरवा रंग मात्र बदललेला हवा (प्रश्न १०).

विलीज ५० वर्षांहून जुनी असेल तर जुलै २०२१ पासून तिला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा आणि गाडी रोजच्या वापरासाठी फिरवू नये. ज्यांच्या घरी अशी जीप अजून मूळ इंजिनावर उभी आहे त्यांना माझी हात जोडून विनंती: डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंगच्या मोहात पडू नका. तशीच जपा.

१७. मराठीत नंबर प्लेट आणि गाडीवर 'जय शिवराय' लिहिलं तर?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. नंबर प्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच चालतात. मराठी नाही, कन्नडही नाही. हा नियम देशभर सारखा आहे. कर्नाटकात १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लावण्याची अधिसूचना ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली, महाराष्ट्रातही सक्ती झाली. प्लेटवर किंवा तिच्या चौकटीत दुसरं काही नको.

काचेच्या वरच्या पट्टीवर किंवा मागे नाव लिहिणं हे मॉडिफिकेशन नाही. ड्रायव्हरला समोर आणि मागे नीट दिसलं पाहिजे, एवढं सांभाळा. मोठी अक्षरं मागच्या पूर्ण काचेवर चिकटवली तर आठव्या उत्तरातला प्रकाशाचा नियम लागतो.

१८. ट्रॅक्टरवर साऊंड बॉक्स, दोन ट्रॉल्या. आणि शिवजयंतीच्या चित्ररथाला परवानगी लागते का?

ट्रॉलीला स्वतंत्र नोंदणी लागते. तिच्या विम्याची खात्रीही वेगळी करा, ट्रॅक्टरचा कागद दाखवून भागत नाही. रात्री ऊस वाहताना ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर नसेल तर मागून येणाऱ्याला ती दिसतच नाही. अथणी-रायबाग पट्ट्यात हंगामात हे अपघात होतात. साऊंड बॉक्सवर खर्च करणाऱ्याने आधी रिफ्लेक्टरची पट्टी लावावी.

चित्ररथासाठी ट्रॉलीवर देखावा उभारणं तात्पुरतं असतं, त्याला आरसीत नोंद लागत नाही. मिरवणुकीची पोलीस परवानगी मंडळाने घ्यायची असते. देखावा उतरवल्याशिवाय ती ट्रॉली परत रस्त्यावर कामाला लावू नका. उंची ठरवताना विजेच्या तारा धरा, आणि ड्रायव्हरच्या समोरची बाजू मोकळी ठेवा.

१९. यंत्रावरच्या तपासणीत मॉडिफाय गाडी कुठे नापास होते?

ब्रेक रोलरवर चढवून मोजतात, डाव्या-उजव्या चाकात फरक आला की नापास. साईड स्लिप, सस्पेन्शन, हेडलाईटचा झोत, धूर आणि आवाज यंत्र मोजतं. काच, नंबर प्लेट, रिफ्लेक्टर, टायर हे नजरेने पाहतात. मोठ्या टायरची गाडी ब्रेकला, एलईडीची झोताला आणि मोकळ्या सायलेन्सरची आवाजाला अडकते. इथे ओळख चालत नाही, आकडा थेट प्रणालीत जातो. ऑक्टोबर २०२२ च्या बदलानंतर दुसऱ्या राज्यात नोंद झालेल्या गाडीचीही अशा केंद्रात चाचणी होऊ शकते. सीमेवरच्या टॅक्सी आणि टेम्पोवाल्यांना ते सोयीचं आहे. नापास झाल्यास दोष दुरुस्त करून फी भरून पुन्हा चाचणी देता येते. कारण लेखी मागून घ्या.

२०. एजंट म्हणतो, एक दिवस ओरिजिनल सामान बसवू, पास करू, मग परत घाला. चालतं ना?

चालतं असं पुष्कळांना वाटतं, कारण त्या दिवशी खरंच काही होत नाही. पण पास झालेला कागद हा त्या दिवशीच्या गाडीचा असतो. दुसऱ्या दिवशी बदल केला की कलम १८२अ नव्याने लागू. अपघात झालाच तर विमा कंपनीचा सर्व्हेअर फोटो काढतो, पासिंगच्या वेळचे फोटोही असतात, आणि आपण जाणूनबुजून फसवलं हे दोन फोटो शेजारी ठेवूनच सिद्ध होतं. मूळ सामान कधी भंगारात देऊ नका, हे मात्र खरं. सायलेन्सर, बंपर, हेडलाईट, रिम माळ्यावर ठेवा. ते परत घालायला लागणारच आहेत.

२१. विमा मिळतो का?

न कळवलेल्या बदलामुळे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. सीएनजी किंवा आरसीवर चढलेला बदल असेल तर कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या, हप्ता थोडा वाढेल. आरसीवर न चढणारा बदल विम्यालाही चालत नाही, त्यावर दुसरा मार्ग नाही.

२२. घरात अपंग व्यक्ती आहे. हाताने चालणारे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवले तर तेही बेकायदेशीर?

नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम ५२ मध्ये याला खास जागा आहे. अपंग व्यक्तीसाठी गाडीत योग्य बदल करून नंतर आरटीओची मंजुरी घेता येते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, बसवणाऱ्याचं बिल आणि गाडी घेऊन जा, आरसीवर तशी नोंद घ्या आणि लायसन्सही त्याच प्रकारचं करून घ्या. काउंटरवरच्या कुणी "असं काही होत नाही" म्हटलं तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. हा तुमचा हक्क आहे.

२३. मी गाडी सेकंड हँड घेतली तेव्हाच मॉडिफाय होती. मी काहीच केलं नाही. दंड मलाच का?

बदल ज्या मालकाने केला त्याला कलम १८२अ लागतं. पण आज रस्त्यावर ती गाडी तुम्ही चालवता, तेव्हा आवाज, लाईट, काच, नंबर प्लेट यांचा भंग तुमच्या हातून होतो. शिवाय आधीच्या मालकाने केलं हे सिद्ध करण्याची वेळ तुमच्यावर येते. व्यवहाराच्या दिवशीचे गाडीचे चारही बाजूंचे फोटो आणि विक्रेत्याशी झालेलं मोबाईलवरचं बोलणं शोधून ठेवा. मग तिसऱ्या उत्तरातली आरसीची फेरी मारा आणि न जुळणारी यादी काढा. लाईट, सायलेन्सर, फिल्म, बुल बार हे त्याच आठवड्यात उतरवा. रंग आणि इंधनाच्या नोंदीसाठी अर्ज करा. चेसिस किंवा इंजिन नंबरात काही वेगळं दिसलं, तर गाडी घरात उभी करा आणि एजंटकडे जाण्याआधी वकिलाकडे जा.